पेटीतला सुपरमॅन म्हातारा का होतो?

दसरा आटोपला की घरोघरी दिवाळीच्या साफसफाईला सुरुवात होते. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या खाली उतरतात. त्यांतून जुनी भांडी, लग्नपत्रिका, कुणाची तरी पदके असा ऐवज बाहेर पडतो. आणि एखाद्या पेटीच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, बाबांच्या लहानपणची खेळणी सापडतात.

समजा, त्यांत एक वीतभर उंचीचा सुपरमॅन आहे. पेटीत ठेवला तेव्हा तो निळाशार होता. आज तो कसा दिसतो? निळ्या रंगावर पिवळट झाक आली आहे. चेहरा तेल चोपडल्यासारखा चिकट झाला असून त्याला धूळ लागली आहे. पाठीवरचा लाल झगा पायाला असा चिकटला आहे की ओढला तर फाटेल. पेटी उघडताच एक गोडसर, उग्र वासही आला. आई म्हणते, "टाका आता तो कचरा!" बाबा मात्र तो हातात घेऊन जमिनीवर बसतात आणि साफसफाई तिथेच थांबते.

येथे दोन प्रश्न उभे राहतात. त्या पेटीला तीस-पस्तीस वर्षांत कुणी हात लावला नव्हता. मग न खेळता, न आपटता हा सुपरमॅन म्हातारा कसा झाला? आणि अशा बिघडलेल्या वस्तूवर बाबांचा इतका जीव का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्रात आहे, दुसऱ्याचे मेंदूच्या शास्त्रात. दोन्ही क्रमाने पाहू.

पडद्यावरून खेळण्यांच्या दुकानात

सुपरमॅन हे पात्र अमेरिकेत १९३८ साली चित्रकथेत जन्मले. १९७८ साली क्रिस्टोफर रीव्ह यांची भूमिका असलेला 'सुपरमॅन' हा चित्रपट आला आणि जगभर गाजला. त्याच्या आदल्या वर्षी, १९७७ मध्ये, 'स्टार वॉर्स' प्रदर्शित झाला होता. त्यातील पात्रांच्या बाहुल्यांना एवढी मागणी आली की केनर या कंपनीला नाताळापर्यंत त्या तयार करता येईनात. तेव्हा कंपनीने चक्क रिकामे पाकीट विकले! आत एक प्रमाणपत्र होते. ते पाठवले की पुढे बाहुल्या घरपोच मिळणार होत्या. चित्रपटाबरोबर खेळणी विकण्याचा व्यवसाय केवढा मोठा होऊ शकतो हे तेव्हा सर्वांच्या ध्यानात आले.

आपल्याकडे १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ हा मुखवटाधारी वीर मराठी मुलांच्या ओळखीचा झाला. १९८७ साली 'मिस्टर इंडिया' हा चित्रपट आला. त्याच वर्षी सुरू झालेल्या फनस्कूल या कंपनीने पुढे जी. आय. जो या मालिकेतील बाहुल्या भारतात विकल्या. १९९७ ते २००५ या काळात दूरदर्शनवर 'शक्तिमान' लागत असे आणि त्याचा पोशाख मिळावा म्हणून मुले घरात हट्ट धरीत. आजचे छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होते. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेला गेल्यावर खेळण्यांच्या दुकानापुढे पाय रोवून उभी राहिलेली मुले आता तुमचे आई-बाबा, काका-मामा झाली आहेत.

या सगळ्या वीरांत एक गोष्ट समान होती. त्यांची शक्ती वेगवेगळी असली, तरी शरीर बहुधा एकाच जातीच्या पदार्थाचे होते. तो पदार्थ म्हणजे प्लॅस्टिक.

चिकटपणा कोठून आला?

प्लॅस्टिक हे बहुवारिक आहे. बहुवारिक म्हणजे एकाच प्रकारच्या लहान रेणूंच्या हजारो कड्या जोडून झालेली लांबच लांब साखळी. जुन्या बाहुल्यांचे डोके आणि झगे पुष्कळदा पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजे पीव्हीसी, या बहुवारिकाचे असत. नळाचे पाइप याच पीव्हीसीचे असतात. पण पाइप कडक आणि बाहुलीचे डोके मऊ, असे का?

याचे उत्तर १९२६ साली अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ वाल्डो सेमन यांच्या प्रयोगांतून मिळाले. काही तेलकट द्रव्ये पीव्हीसीत मिसळली, की त्यांचे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरतात. साखळ्या एकमेकींपासून किंचित दूर होतात, एकमेकींवरून सरकू लागतात, आणि कडक प्लॅस्टिक रबरासारखे मऊ होते. अशा द्रव्यांना आपण मृदुकारक म्हणू. खेळण्यांत बहुतकरून थॅलेट या वर्गातील मृदुकारके वापरली जात, आणि मऊ खेळण्याच्या वजनाचा तिसरा हिस्सादेखील मृदुकारकाचाच असू शके.

आता खरी गोम लक्षात घ्या. मृदुकारक साखळीला रासायनिक बंधाने जोडलेले नसते, नुसते मध्ये शिरून बसलेले असते. भज्यांचे तेल जसे खालच्या कागदात उतरते, तसे वर्षानुवर्षे ते हळूहळू पृष्ठभागावर येते. सुपरमॅनच्या चेहऱ्यावरचा तेलकटपणा म्हणजे हेच मृदुकारक. ते बाहेर आले की धूळ धरते आणि आतला भाग मात्र आकसून कडक होतो. काहीसे हवेतही उडून जाते. पेटीतल्या उग्र वासात जुन्या प्लॅस्टिकमधून निघालेल्या अशाच द्रव्यांचा वाटा असतो.

हा प्रकार तुम्ही स्वतः पाहिलेला आहे. कंपासपेटीत खोडरबर आणि प्लॅस्टिकची पट्टी उन्हाळ्याच्या सुट्टीभर एकत्र पडून राहिली, की जूनमध्ये ती एकमेकांना चिकटलेली सापडतात. ओढून काढली तर पट्टीवर खोडरबराचा खड्डा उमटलेला दिसतो. पुष्कळशी खोडरबरे मऊ पीव्हीसीची असतात आणि पट्टी पॉलिस्टायरीनची. खोडरबरातील मृदुकारक पट्टीत शिरते व तिला विरघळवल्यासारखे मऊ करते. सुपरमॅनचा झगा त्याच्या पायाला चिकटला तोही असाच.

पिवळेपणा आणि ठिसूळपणा

आता पिवळ्या झाकेकडे वळू. पीव्हीसीच्या एका कडीत कार्बनचे दोन, हायड्रोजनचे तीन आणि क्लोरीनचा एक अणू असतो. त्यांचे अणुभार अनुक्रमे १२, १ आणि ३५.५ धरा व बेरीज करा. एकूण ६२.५ येतील. त्यांत क्लोरीनचे ३५.५, म्हणजे जवळजवळ ५७ टक्के! उष्णतेने व प्रकाशाने हा क्लोरीन एका हायड्रोजनला बरोबर घेऊन साखळीतून निसटतो. त्यापासून हायड्रोजन क्लोराइड वायू तयार होतो आणि मागे दोन कार्बन अणूंमध्ये दुहेरी बंध उरतो. असे दुहेरी बंध एकाआड एक ओळीने जमले की तो भाग निळा-जांभळा प्रकाश शोषून घेऊ लागतो. उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा दिसतो. गाजराचा केशरी रंगही अशाच एकाआड एक दुहेरी बंधांमुळे असतो. शिवाय निघालेला हायड्रोजन क्लोराइड हीच क्रिया आणखी जलद करतो. कारखान्यात ती रोखणारी द्रव्ये मिसळलेली असतात, पण ती हळूहळू खर्च होतात.

बाहुलीचे धड आणि हात-पाय पुष्कळदा कठीण प्लॅस्टिकचे असतात. त्यांवर सूर्यप्रकाशातील जंबुपार, म्हणजे अतिनील, किरण आणि हवेतील ऑक्सिजन मिळून काम करतात. किरण साखळीतील बंध तोडतात, तुटलेल्या टोकांना ऑक्सिजन चिकटतो, आणि लांब साखळीचे आखूड तुकडे होतात. दोर तुटत तुटत सुतळीचे तुकडे उरावेत तसे. म्हणूनच गच्चीवर राहिलेली प्लॅस्टिकची बादली दोन उन्हाळ्यांनंतर हाताने मोडते.

रबराची व फोमचीही हीच गत आहे. जी. आय. जो या बाहुलीचे धड आणि पाय आतील एका रबरी कडीने बांधलेले असत. बाहेरचे प्लॅस्टिक धडधाकट असताना आतली ही कडी सुकून तुटते आणि वीर कमरेतून दोन तुकडे होऊन पडतो. मुखवट्यांच्या आतील पॉलियुरेथेन फोमवर तर हवेतील ऑक्सिजनबरोबर बाष्पाचाही परिणाम होतो. पाण्याचा रेणू साखळी तोडतो आणि फोमचा भुगा होतो.

अंधाऱ्या पेटीत ऊन नव्हते, मग हे सारे का थांबले नाही? कारण तेथे ऑक्सिजन होता आणि उष्णता होती. तापमान १० अंशांनी वाढले की अनेक रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या मराठवाड्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर तो त्याहून अधिक चढतो. समजा, माळ्यावर ४५ अंश आहेत आणि खालच्या खोलीत फरशीलगतच्या कपाटात २५. फरक २० अंशांचा, म्हणजे क्रियेचा वेग दोनाची दुप्पट, चौपट! कपाटात जी झीज चार वर्षांत होईल ती माळ्यावर एका वर्षात होते. आपण वस्तू जपून ठेवायची म्हणून नेमकी माळ्यावर टाकतो, आणि तीच तिच्यासाठी सर्वांत वाईट जागा ठरते.

पैठणची बाहुली आणि पेटीतला वीर

आता या सुपरमॅनशेजारी दुसरी एक बाहुली मनाने ठेवून पाहा. संभाजीनगरहून सुमारे ५० किलोमीटरवर पैठण आहे, सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. तेथे, धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे सातवाहन काळातील भाजलेल्या मातीच्या मूर्ती सापडल्या आहेत. भोकरदनला १९७३ साली मराठवाडा विद्यापीठ व नागपूर विद्यापीठ यांनी मिळून उत्खनन केले होते. तेरच्या बाहुल्या विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांतील कित्येक पांढऱ्या केओलिन मातीच्या असून दोन साच्यांत दाबून पोकळ घडवलेल्या आहेत. तेथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या पाहता येतात. यांतल्या कोणत्या खेळण्यासाठी आणि कोणत्या पूजेसाठी, हे नेहमी ठरवता येत नाही. पण सुमारे दोन हजार वर्षे जमिनीत राहूनही त्यांचे केस, दागिने स्पष्ट दिसतात.

गंमत पाहा. साच्यातून एकसारख्या बाहुल्या काढायची युक्ती दोन्हींकडे एकच. मग एक दोन हजार वर्षे टिकते आणि दुसरी चाळीस वर्षांत का विरते?

मातीतील सिलिकॉन, अॅल्युमिनियम यांचे अणू आधीच ऑक्सिजनशी घट्ट जोडलेले असतात. भट्टीत भाजताना तिच्यात बांधलेले पाणीही निघून जाते व ती पुन्हा चिखल होत नाही. ऑक्सिजनला तिच्याकडून घेण्यासारखे काही उरतच नाही. ती जणू जळून चुकलेली आहे. प्लॅस्टिक मात्र खनिज तेलापासून बनते. त्यातील कार्बन व हायड्रोजन यांची ऑक्सिजनशी पूर्ण गाठ पडायची बाकी असते. रॉकेल ऑक्सिजनशी भडकून संयोग पावते. प्लॅस्टिक तोच संयोग अगदी मंदपणे, वर्षानुवर्षे करीत राहते. पिवळेपणा आणि ठिसूळपणा या मंद क्रियेच्या खुणा आहेत. मातीची बाहुली हातातून पडली तर फुटेल, प्लॅस्टिकची फुटणार नाही. पण काळापुढे माती श्रेष्ठ ठरते.

येथे एक शंका तुमच्या मनात येईल. प्लॅस्टिक शेकडो वर्षे नष्ट होत नाही असे आपण पर्यावरणाच्या पुस्तकात वाचतो, ते मग खोटे का? खोटे नाही. वस्तू बिघडणे वेगळे आणि पदार्थ नाहीसा होणे वेगळे. सुपरमॅनचा भुगा झाला म्हणजे तो सुपरमॅन राहिला नाही, पण तो भुगा माती-पाण्यात सूक्ष्म कणांच्या रूपाने उरतोच. जपायला जावे तर टिकत नाही आणि टाकायला जावे तर जात नाही, असा हा पदार्थ आहे.

खऱ्या वीरांचीही यातून सुटका नाही. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या नील आर्मस्ट्राँग यांच्या अंतराळ पोशाखात रबर, पीव्हीसी अशी द्रव्ये होती. तीही बिघडू लागल्याने अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेला तो पोशाख जपण्यासाठी मोठे काम हाती घ्यावे लागले. २०१९ साली तो पुन्हा लोकांसमोर मांडण्यात आला. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयातील इव्हॉन शाशुआ यांच्यासारखे शास्त्रज्ञ तर प्लॅस्टिकच्या वस्तू कशा टिकवाव्यात याचाच अभ्यास करतात.

बाबांचा जीव का अडकतो?

१६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडमधील बाझल येथे एक प्रबंध लिहिला. घरापासून दूर राहणाऱ्या माणसांना घरची ओढ लागून ती खंगतात, हा एक आजार आहे असे त्याने मांडले. 'घरी परतणे' आणि 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने त्याला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिले. सासरी गेलेल्या मुलीला माहेर आठवून गलबलून येते, ती भावना आपल्याला परकी नाही. आपण तिला गतकाळाची ओढ म्हणू.

आज मानसशास्त्रज्ञ तिला आजार मानत नाहीत. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात कॉन्स्टन्टाइन सेडिकिडीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत असे दिसले, की एकाकी वाटत असताना माणसे जुन्या आठवणींकडे वळतात आणि त्यातून आपली माणसे जवळ असल्याचा दिलासा त्यांना मिळतो. आणखी एक गोष्ट आढळली आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातील आठवणी सांगायला सांगितले, तर सुमारे १० ते ३० वर्षे वयाच्या काळातील आठवणी अधिक निघतात.

यात वासाचे कामही मोठे आहे. डोळे व कान यांचे संदेश मेंदूतील थॅलॅमस या चौकीवरून पुढे जातात. वासाचा संदेश ही चौकी टाळून भावना व स्मृती यांच्याशी निगडित भागांजवळ थेट पोचतो. म्हणून पेटी उघडताच आलेल्या त्या वासाने बाबा क्षणात यात्रेत जाऊन पोचतात. बाजूला आजोबा उभे आहेत, खिशात हात घालून पैसे मोजत आहेत. बाबा जमिनीवर का बसले ते आता तुमच्या लक्षात आले असेल. त्यांच्या हातात प्लॅस्टिक आहे, पण मनात आजोबा आहेत.

आणि योगायोग असा, की बाबांना मागे नेणारा तो वास हीच बाहुली बिघडत असल्याचीही खूण आहे.

जपायचे कसे?

झीज कायमची थांबवता येत नाही, पण मंद करता येते.

खेळणे माळ्यावरून काढून घरातील सर्वांत थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवा. उन्हात 'ऊन दाखवायला' मुळीच ठेवू नका. मऊ आणि कठीण भाग वेगळे होत असतील तर वेगळे ठेवा, म्हणजे ते चिकटणार नाहीत. मऊ पीव्हीसी पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळू नका, कारण पॉलिथिन मृदुकारक शोषून घेते. झाकणाची काचेची बरणी त्याहून बरी. धूळ ओलसर मऊ फडक्याने पुसा. स्पिरिट, रॉकेल किंवा नेलपॉलिश काढण्याचे द्रव्य लावू नका. त्यांनी रंग व प्लॅस्टिक दोन्ही विरघळू शकतात. हायड्रोजन पेरॉक्साइडने पिवळेपणा घालवण्याची युक्ती काही लोक करतात, पण तो पुढे परत येऊ शकतो.

दोन सूचना मात्र कटाक्षाने पाळा. जुने खेळणे लहान भावंडाच्या हाती देऊ नका. जुन्या रंगांत शिसे असू शकते आणि चिकट झालेले खेळणे तोंडात घालणे योग्य नाही. आपल्याकडे खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे झाले. पेटीतली खेळणी त्याच्या कितीतरी आधीची. दुसरे, ती जाळू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड व इतर विषारी द्रव्ये निघतात.

आणि सर्वांत सोपा उपाय शेवटी सांगतो. एका कागदावर बाबांना विचारून लिहा: हे खेळणे कुणी घेतले, कोठे, कोणत्या वर्षी, किती पैशांना, आणि तेव्हा बरोबर कोण होते. पैठणच्या बाहुलीशी कोण खेळले हे सांगणारे आज कुणी नाही. तुमच्या सुपरमॅनचे साक्षीदार अजून घरात आहेत. वस्तू विरली तरी ही माहिती उरेल.

करून पाहा

एकाच पाकिटातील सहा रबरबँड घ्या. दोन गच्चीवर उन्हात, दोन माळ्यावर आणि दोन खालच्या कपाटात बंद डब्यात ठेवा. प्रत्येक ठिकाणी एक रबरबँड ताणून पुठ्ठ्यावर चढवा, दुसरा सैल ठेवा. दर रविवारी रंग, चिकटपणा व भेगा पाहून तारखेसह वहीत नोंद करा. शक्य तेथे तापमापकाने तापमानही घ्या. सर्वांत आधी कोणता तुटेल याचा अंदाज आजच लिहून ठेवा. दोन महिन्यांनी तो ताडून पाहा, आणि अंदाज चुकला तर का चुकला याचा विचार वर्गात शिक्षकांबरोबर करा.